गणेशोत्सवाच्या देखाव्यासाठी महाराष्ट्राचा उठावदर्शक नकाशा : विभागांच्या रेषा नेमक्या कोठे ओढाव्यात?

गच्चीवरून
नमस्कार मंडळी. गिरगावातील आमच्या चाळीत यंदा गणपतीपुढे देखावा म्हणून महाराष्ट्राचा उठावदर्शक नकाशा करण्याचे ठरले आहे. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ७२० किलोमीटर आहे, म्हणून आम्ही दहा फूट बाय नऊ फूट असा पाया घेतला आहे. एका फुटात ८० किलोमीटर बसतात. कागदाचा लगदा आणि शाडू वापरायचा आहे, थर्माकोल नाही. रंगांसाठी आम्ही कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ असे पाच विभाग पाडले होते. परवा दहावीतील एका मुलीने विचारले, "काका, महाबळेश्वर आणि म्हसवड ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यात आहेत, मग दोन्हीकडे एकच रंग कसा?" मला उत्तर देता आले नाही. निसर्गाच्या दृष्टीने विभाग किती मानावेत, त्यांच्या सीमा कशा ठरवाव्यात आणि कोणत्या भागात कोणती झाडे दाखवावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खडूफळा
त्या मुलीचे मनापासून कौतुक. तीस वर्षे भूगोल शिकवला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला.

आपण निवडलेले पाच विभाग इतिहासातून आणि राज्यकारभारातून आले आहेत. शासनाचे महसुली विभाग सहा आहेत, तेही कारभाराच्या सोयीचे. प्राकृतिक विभाग मात्र पाठ्यपुस्तकात तीनच सांगितले जातात : कोकणची किनारपट्टी, सह्याद्री आणि पठार. हे तीन विभाग खरे आहेत, परंतु तिसरा इतका प्रचंड आहे की त्याच्या पोटात निरनिराळी हवामाने सामावलेली आहेत.

प्रमाणाकडेही लक्ष द्यावे. आपल्या पायावर कळसूबाईचे १,६४६ मीटर म्हणजे जेमतेम पाव इंच होईल आणि सह्याद्री कुणाला दिसणारच नाही. उंचीचे प्रमाण दहापट वाढवावे, म्हणजे कळसूबाई अडीच इंचांचे होईल, नाशिक-पुण्याचे पठार सुमारे पाऊण-एक इंचावर राहील आणि नागपूर अर्ध्या इंचाच्या किंचित खाली येईल. कोकण साधारण सात इंच रुंद ठेवावे. त्याच्या पूर्वेला कडा सरळ भिंतीसारखा उभा करावा आणि घाटमाथ्यापासून पुढे मात्र उतार इतका हलका द्यावा की ओतलेले पाणी आपोआप पूर्वेकडे वाहील. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून फार तर ८० किलोमीटरवर असूनही १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला का मिळते, हे मुलांना पाणी ओतूनच दाखवता येईल.

मुलुंडपूर्व
पाण्याचा प्रयोग नक्की करावा, मात्र शाडूवर आधी तेलरंगाचा हात द्यावा, नाहीतर पहिल्याच दिवशी मराठवाडा वाहून जाईल.

कोरडवाहू
मी कृषी पदवीधर आहे, म्हणून आमच्या शाखेत वापरले जाणारे वर्गीकरण मांडतो. पाऊस, जमीन आणि पिके यांचा एकत्र विचार करून महाराष्ट्राचे नऊ कृषिहवामान विभाग पाडलेले आहेत. त्या नकाशाकडे पाहिले तर पश्चिमेचे विभाग उत्तर-दक्षिण पसरलेल्या अरुंद पट्ट्यांसारखे दिसतात : किनारा, घाट, घाटाच्या पूर्वेचा मावळी संक्रमण पट्टा आणि त्यानंतर अवर्षणप्रवण पट्टा. जिल्ह्यांच्या सीमा या पट्ट्यांना आडव्या छेदतात. त्यामुळे सातारा जिल्हा एकाच वेळी घाटात, मावळात आणि दुष्काळी पट्ट्यात येतो, आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून ३०-३२ किलोमीटरवर असलेल्या वाईला ७००-८०० मिलिमीटर मिळाला तरी समाधान मानतात, आणि म्हसवडला ५०० मिलिमीटरची वाट पाहावी लागते. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना ते पुन्हा तापतात आणि कोरडे पडतात. आपल्या नकाशावर महाबळेश्वर ते वाई हे अंतर पाच इंचांहून कमी भरेल. तेवढ्या जागेत गर्द हिरव्यापासून फिकट पिवळ्यापर्यंतचा सगळा बदल दाखवावा लागेल, कारण हाच या राज्याचा मुख्य उतार आहे, उंचीचाही आणि पावसाचाही.

गच्चीवरून
आपला प्रतिसाद काल रात्री चाळीत मोठ्याने वाचून दाखवला. घाटमाथ्यासाठी एक ब्रश आणि त्याच्या पूर्वेसाठी दुसरा, असे मुलांनी लगेच ठरवले. आता झाडांविषयी कुणी सांगेल का?

पानगळ
वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने प्रयत्न करते.

घाटमाथ्यावर, विशेषतः भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना आणि राधानगरी या भागांत सदाहरित जंगल आहे. तेथे जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशी झाडे एकमेकांना चिकटून उभी असतात आणि त्यांचे छत्र वर्षभर हिरवे राहते. वाऱ्याच्या माऱ्यामुळे माथ्यावरची झाडे उंचीने खुजी असतात, हेही दाखवता आल्यास पाहावे. याच जंगलाचे तुकडे अनेक गावांनी देवराया म्हणून राखले आहेत. भीमाशंकरजवळच्या आहुपे येथील देवराई पाहिली तर आजूबाजूचा डोंगर एकेकाळी कसा असेल याची कल्पना येते. घाटाच्या दोन्ही उतारांवर खाली येताच ऐन, किंजळ, बिबळा, कळंब, हेदू आणि साग लागतात, म्हणजे पानझडीचे जंगल सुरू होते. पूर्वेकडे कोरडेपणा वाढला की धावडा, सालई, खैर आणि पळस दिसू लागतात.

एक सूचना आवर्जून करते. घाटातील अंजनी आणि खानदेशातील अंजन ही दोन निराळी झाडे आहेत. पहिली सदाहरित जंगलातील लहान झाड आहे, तिला जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ फांदीलाच चिकटून येतात. दुसरा कोरड्या, खडकाळ जमिनीवर तग धरणारा उंच वृक्ष आहे, त्याच्या जोडपानाचा आकार फुलपाखरासारखा असतो. नावांच्या सारखेपणामुळे पाट्या लावताना चूक होण्याची शक्यता आहे.

तापीकाठ
खानदेशच्या अंजनाची दखल घेतल्याबद्दल पानगळताईंचे आभार. आमच्या यावल परिसरात हा वृक्ष सातपुड्याच्या पायथ्याची ओळख आहे. उन्हाळ्यात इतर झाडे उघडी पडतात तेव्हा गुरांना त्याचाच पाला मिळतो.

नकाशा करताना तापीचे खोरे पठाराला सपाट जोडू नये. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये जमीन खचून झालेली ती दरी आहे, म्हणूनच तापी गोदावरी-कृष्णेच्या उलट, पश्चिमेला जाते. दरीत गाळाची खोल जमीन आहे आणि तेथे विहिरींच्या पाण्यावर केळी उभी राहते. त्यामुळे जळगावची केळी पाहून हा प्रदेश पावसाचा आहे असा समज करून घेणे चुकीचे ठरेल, कारण पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो.

कातळसडा
कोकणाविषयी बहुतेकांचा समज असा असतो की ते सर्वत्र हिरवेगार आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडूनही आमच्या वाडीत मे महिन्यात टँकर येतो, कारण जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी झिरपून निघून जाते, उतार तीव्र आहे आणि नद्या इतक्या आखूड आहेत की पावसाचे पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळते. उत्तर कोकणात, म्हणजे रायगड-ठाण्याकडे, जांभा कमी होतो आणि काळा खडक वर येतो. दोन्ही कोकणांना एकच लाल रंग देऊ नये.

सड्यावर झाड नसते म्हणून तो उजाड असतो असेही नाही. पाऊस सुरू झाला की कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात सीतेची आसवे, गेंद, वायतुरा आणि दीपकाडी उमलतात. कास पठारही असेच जांभ्याचे आहे, फक्त ते घाटमाथ्यावर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत.

आंबा आणि काजू यांच्या बागा मात्र माणसाने लावलेल्या आहेत. काजू तर पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला. नकाशावर त्यांना जंगलाच्या रंगात मिसळू नये.

मुलुंडपूर्व
मुंबई कशी दाखवणार? या प्रमाणात ती सुमारे सहा इंच लांबीचीच भरेल.

पानगळ
मुलुंडपूर्व यांच्या प्रश्नाला : सहा इंचांची असली तरी मुंबईत तीन प्रकारची वनस्पती आहे. खाडीकाठी तिवरे आणि चिपी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सुमारे १०४ चौरस किलोमीटर पानझडीचे जंगल, आणि रस्त्यांवर मुद्दाम लावलेले वृक्ष. उद्यानाच्या टेकड्यांवर कारवी असते. २०१६ मध्ये ती फुलली आणि त्यानंतर २०२४ मध्ये. आठव्या वर्षी एकदाच फुलणारे हे झुडूप पाहायला मी बोरिवलीहून पहाटे चालत गेले होते. टेकडीचा उतार जांभळा झालेला होता आणि मधमाश्यांचा आवाज दुरूनच ऐकू येत होता.

खडूफळा
पावसाच्या लहरीचे उदाहरणही मुंबईतच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरांच्या आतच राहिली. म्हणून पावसाच्या रेषा नकाशावर ओढताना त्या सरासरीच्या आहेत, अशी पाटी मुलांकडून लिहून घ्यावी.

वैनगंगा
डोंबिवलीत वीस वर्षे झाली, माहेर भंडारा जिल्ह्यातील. गोंदियाच्या गाडीने अनेकदा प्रवास होतो. कसाऱ्याचे बोगदे संपून इगतपुरी आली की हवा बदलते, घोटीपर्यंत भाताची खाचरे दिसतात, नाशिकनंतर द्राक्षे आणि मनमाडला माळ. भुसावळपासून काळी जमीन सुरू होते. अकोला, बडनेरा, वर्धा येथपर्यंत कपाशी आणि सोयाबीन, आणि नागपूर ओलांडून वैनगंगेकडे उतरले की मला पुन्हा भाताची खाचरे दिसतात. आम्ही त्याला धान म्हणतो. राज्याच्या दोन्ही टोकांना भात आणि मधे ज्वारी-कापूस, हे चित्र आपल्या नकाशात यायला हवे.

याचे कारण असे की पूर्व विदर्भाला बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा पाऊस मिळतो, १,२०० ते १,५०० मिलिमीटरपर्यंत. खालचा खडकही निराळा आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, ते आमच्याकडे संपतात आणि त्याहून कितीतरी पुरातन खडक उघडा पडतो. त्या टणक, उंचसखल जमिनीवर पाणी अडवता येते, म्हणूनच गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव भंडारा-गोंदियात आहेत. कृपया नकाशावर तेथे काचेचे बारीक मणी तरी ठेवावेत. गडचिरोलीला सर्वांत गडद हिरवा रंग द्यावा, कारण जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर जंगल आहे. आलापल्लीचा साग, बांबू, तेंदू आणि मोह यांवर तेथील माणसांचे वर्ष चालते.

आणि विदर्भ हा एकच विभाग नाही, हे मुंबईच्या मंडळींनी एकदा समजून घ्यावे, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. अकोल्याच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, आणि माझ्या माहेरी तलावाच्या पाण्यावर धान पिकते. मेळघाटचा कोरडा सागवनी सातपुडा तर या दोन्हींहून निराळा आहे. एक रंग कसा पुरेल?

कोरडवाहू
वैनगंगाताईंशी पूर्ण सहमत. नऊ विभागांतही पूर्व विदर्भाचा भाताचा पट्टा वेगळाच धरलेला आहे.

माणदेशी
सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. एका गोष्टीविषयी मला लिहिणे भाग आहे.

घाटाच्या पूर्वेला "फिकट पिवळा" द्यावा असे वर म्हटले आहे, ते योग्यच आहे. परंतु शाळेच्या नकाशांत तो पिवळा रंग ओसाडपणाचा मानला जातो, आणि या समजाने आमच्या भागाचे फार नुकसान केले आहे. मी माण तालुक्यातील. आमच्या माळावर कुसळी, पवन्या आणि मारवेल ही गवते उगवतात, मधेच एखादी बोर, हिवर किंवा बाभूळ असते. त्या गवतावर मेंढ्या जगतात, चिंकारा आणि लांडगा जगतो, आणि एकेकाळी सोलापूरकडे माळढोक मोठ्या संख्येने असे. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण आज तो तेथून जवळपास नाहीसा झाला आहे. सरकारी कागदावर या जमिनीला "पडीक" म्हणतात.

माझ्या लहानपणी गावाच्या वरच्या माळावर एका योजनेत गिरिपुष्प आणि निलगिरी लावली गेली. जागेला चर खणून कुंपण घातले. मेंढ्यांना वाट उरली नाही. झाडे धड वाढली नाहीत आणि मधले गवतही गेले. माझे आजोबा त्या कुंपणापाशी उभे राहून म्हणाले होते, "रान होतं, ते लावणीत घालवलं." हे वाक्य मी विसरलेलो नाही. आपल्या देखाव्यात माळ रिकामा ठेवू नका, एवढीच विनंती आहे.

मुलुंडपूर्व
माणदेशी यांच्या भावनांचा आदर राखून विचारतो. हा सारा प्रदेश पूर्वी जंगलाचा होता आणि चराई व वृक्षतोडीमुळे त्याचे माळरान झाले, असेच आम्ही शिकलो. १९७२ च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी खडी फोडली होती. ते नेहमी म्हणत, झाडे असती तर ही वेळ आली नसती. मग झाडे लावणे चूक कसे?

पानगळ
काही ठिकाणी ते खरे आहे. घाटाच्या जवळच्या, पुरेशा पावसाच्या डोंगरउतारांवर आज जे गवत दिसते, ते अनेकदा तोडलेल्या जंगलाच्या जागी आलेले असते. परंतु ५०० मिलिमीटर पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीच्या पट्ट्यात दाट जंगल उभे राहण्याइतके पाणीच नसते. या उघड्या माळांवर आणि खडकाळ पठारांवर कंदीलपुष्पांच्या अशा काही जाती आहेत ज्या जगात इतरत्र सापडत नाहीत, आणि त्यांना उन्हाची मोकळी जागा लागते. तणमोर आणि माळढोक यांचे सारे जीवन उघड्या मैदानावर बेतलेले आहे. असे जीव दोन-चारशे वर्षांत घडत नाहीत. म्हणजे तो माळ फार जुना आहे.

आपल्या वडिलांचे म्हणणेही मी नाकारत नाही. बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात लिंब, बाभूळ, चिंच, आंबा लावलाच पाहिजे. प्रश्न फक्त गवताच्या जागी काय लावायचे याचा आहे.

मुलुंडपूर्व
हा फरक मी पहिल्यांदाच ऐकला. वडिलांचे गावही ओढ्याकाठचेच होते. धन्यवाद.

कोरडवाहू
याला जोडून मंगळवेढ्याचा उल्लेख करतो. पाऊस तेवढाच तुटपुंजा, पण जमीन खोल काळी. सप्टेंबरच्या परतीच्या पावसाची ओल ती जमीन धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. शेजारच्या मुरमाड टेकाडावर मात्र गवतच. म्हणजे पावसाची रेषा पुरेशी नाही, जमिनीची खोलीही पाहावी लागते.

खडूफळा
आता मूळ प्रश्नाकडे येतो. एक गोष्ट आपण सगळेच विसरलो आहोत, मीसुद्धा. नकाशा कोणत्या महिन्याचा आहे?

भाद्रपदात गणपती येतात तेव्हा माळही हिरवा असतो, सडाही आणि सागवनही. सारे राज्य एकाच रंगाचे दिसेल. वैशाखाचा नकाशा केला तर घाटमाथा, गडचिरोलीचे काही भाग आणि बागायत सोडता सर्वत्र तपकिरी दिसेल. विभागांमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो मार्गशीर्षात. तेव्हा सदाहरित जंगल गर्द असते, सागाची पाने पिवळसर पडू लागतात, माळावरचे गवत सोनेरी होते, कोकणात आणि भंडाऱ्याकडे भाताच्या कापणीनंतरची खुंटे उरतात, आणि त्याच वेळी सोलापूरच्या काळ्या जमिनीवर ज्वारी हिरवीगार पोटरीत असते. खाली "मार्गशीर्ष" असे लिहावे आणि जिल्ह्यांच्या सीमा फक्त पेन्सिलीने दाखवाव्यात.

गच्चीवरून
गुरुजी, हे चाळीतील सर्वांना पटले. असे ठरले आहे : विभागांचे रंग न भरता पट्टे रंगवायचे. सातपुडा आणि तापीची दरी उठावात वेगळी करायची. रंगाऐवजी शक्य तेथे खरी माती वापरायची, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला गावाकडून मूठभर माती आणायला सांगितले आहे. जांभ्याचा चुरा सावंतवाडीहून आणि काळी माती परभणीहून येणार आहे. पूर्व विदर्भाची माती आणि माळावरचे गवत मात्र आमच्याकडे कुणाकडूनच मिळण्यासारखे नाही.

वैनगंगा
पुढच्या आठवड्यात भाऊ डोंबिवलीला येत आहे. बांधीतली माती आणि तलावाकाठचे गोटे त्याच्याबरोबर मागवते. गिरगावात कोठे पोहोचवायचे ते निरोपात कळवावे.

माणदेशी
गवत मी आणून देतो. घरी गेल्या वर्षीची कुसळीची पेंढी गंजीत आहे, म्हणजे रंगही मार्गशीर्षाचाच मिळेल. कुसळे मुलांच्या बोटांत आणि कपड्यांत शिरतात, ती मी आधी झाडून काढीन. शनिवारी सकाळी दादरला उतरेन.